अमेरिकेतल्या बास्क लोकांनी आपली संस्कृती इतक्या पिढ्या कशी टिकवली? आपल्या इथल्या महाराष्ट्र मंडळांना त्यातून काही घेता येईल का?

मी गेली 14 वर्षं बॉइसीत राहतो, आयडाहो राज्यात, आणि माझ्या घरापासून गाडीनं पंधरा मिनिटांवर ग्रोव्ह स्ट्रीट आहे. तुम्ही ज्यांच्याबद्दल विचारताय ते बास्क लोक, मूळचे स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या मुलखातले, तिथं एका गल्लीत सापडतात. त्यांचं म्युझियम, क्लब, बार, शंभर वर्षांहून जुनं चेंडू खेळायचं बंदिस्त कोर्ट, सगळं एका हाकेच्या अंतरावर. त्यामुळं प्रश्न वाचून गप्प बसवेना. दुसरं कारण म्हणजे मी धनगर आहे, माण तालुक्यातला, आणि या प्रश्नाचं उत्तर मला भाषा-सण-जेवण अशा यादीतून द्यायचंच नाहीये.

माझ्या मते मूळ गोष्ट एकच. हे लोक इथं मेंढरं राखायला आले आणि आपला बाप मेंढरं राखायचा हे त्यांच्या पोरांनी लपवलं नाही. बाकी नाच, गाणी, जत्रा हे सगळं त्यातून आलं.

आता गंमत बघा, यातले बरेच जण मुळात मेंढपाळ नव्हतेच. बॉइसीतले बहुतेक बिस्काया भागातले, म्हणजे स्पेनच्या उत्तर किनाऱ्यालगतचे, घरी चार गाई, थोडी शेती, कुणी मासेमारीतलं. थोरल्याला घर-शेत गेलं की धाकट्यानं बाहेर पडायचं. इथं आले तर इंग्रजी येत नाही, आणि मेंढरांना इंग्रजी लागत नाही. म्हणून डोंगरात पाठवलं, एक माणूस, एक-दोन कुत्री आणि हजार-दोन हजार मेंढरं, महिनोन् महिने दुसरं माणूस दिसायचं नाही. 1918 च्या सुमारास या राज्यात 26 लाखांच्या वर मेंढरं होती, माणसांच्या कितीतरी पट. गुरंवाले त्यांच्यावर खार खाऊन असायचे, ‘बास्को’ ही शिवीच होती, आणि ज्याची स्वतःची जमीन नाही, कळप घेऊन सरकारी रानातून फिरतो, त्याला तर भटक्या, फुकट्या असंच म्हणायचे. 1934 साली चराईचा कायदा आला आणि असं मोकळं फिरणं संपलं. हे सगळं आमच्याकडं कुणाला सांगायला नको, आमच्या वाड्याला, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या बिऱ्हाडांच्या तांड्याला, प्रत्येक गावाच्या शिवेवर हेच ऐकावं लागलंय.

पण फरक पुढं आहे. 1920 च्या दशकाच्या शेवटापासून हे लोक बॉइसीत दर हिवाळ्यात एक मोठा नाच ठेवतात, त्याचं नावच मेंढपाळांचा बॉल. सुटाबुटात नाही, जीन्स आणि साधे कपडे घालून यायचं, कोकराचा लिलाव करायचा आणि पैसे धर्मादायाला द्यायचे. ज्या कामावरून लोक हिणवत होते त्याच कामाच्या नावानं शहराच्या मधोमध जमायचं. शेजारच्या नेवाडात रीनोला तर 1989 साली मेंढपाळाचं राष्ट्रीय स्मारक उभारलं, भोवती मेंढपाळांची नावं लावलेली. मी ती नावं वाचत अर्धा तास उभा होतो. आपल्याकडं मेंढरामागं चालता चालता मेलेल्या कुणाचं नाव कुठं कोरलेलं बघितलंय का तुम्ही?

आता माझं सांगतो, थोडं लांबेल.

2018 साली माझे वडील, आबा, इथं आले होते सहा महिन्यांसाठी. आबांनी वयाच्या दहाव्या वर्षापासून मेंढरं राखली. दिवाळी झाली की वाडा निघायचा कोकणात, घोड्यावर बिऱ्हाड, वर कोंबड्या बांधलेल्या, लहान पोरं, बाया पुढं जाऊन चूल मांडायच्या, आणि पावसाच्या तोंडावर परत. मी आठवीपर्यंत अर्धा त्यात वाढलो, मग आश्रमशाळा, मग इंजिनिअरिंग. आणि इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलला वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी ‘शेती’ लिहिलं. चारही वर्षं. ते मला अजून टोचतं. आबा विमानात बसायच्या आधी थोरल्या भावानंही त्यांना बजावलं होतं, तिकडं कुणी विचारलं तर शेतकरी म्हणा, उगाच मेंढरांचं काढू नका, पोरांची लग्नं व्हायची आहेत.

तर ऑक्टोबरात मी आबांना, बायकोला आणि मुलीला घेऊन हेली आणि केचमला गेलो, इथून अडीच-तीन तास. तिथं दरवर्षी मेंढरं उन्हाळ्याच्या डोंगरातून खाली उतरवतात त्याचा उत्सव असतो, 1990 च्या दशकापासून. शनिवारी हेलीच्या मैदानात लोकर कातणं, विणणं, कातरणी, मटणाचे प्रकार आणि नाच. बॉइसीचा ओइनकारी हा बास्क नाचाचा ग्रुप तिथं आला होता. मुलींचे लाल घागरे, पोटऱ्यांवर गुंडाळलेल्या वाद्या, पोरं काठीवर काठी आपटत उड्या मारतायत, आणि बाजूला एक जण एका हातात बासरी आणि दुसऱ्या हातानं ढोलकं वाजवतोय. त्या बासरीला चिस्तू म्हणतात, तीनच भोकं असतात म्हणून एका हातानं जमतं. आबा आधी खुर्चीत बसले होते, ते उठून पार त्या वाजवणाऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "पावा अन् ढोल दोन्ही येकटाच! आपल्याकडं दोघं लागत्यात." मग नाचाकडं बघून म्हणाले, "आपली गजीच की ही, रुमाल तेवढा न्हाय." मुलगी नऊ वर्षांची, तिनं विचारलं गजी म्हणजे काय, आणि आबांनी त्या मैदानात, सगळ्यांच्या देखत, त्या आमच्या धनगरी नाचाची पावलं करून दाखवली. 71 वर्षांचा माणूस, धोतर, डोक्याला पटका, आणि आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले आणि मग टाळ्या.

तिथंच मेंढपाळाची जुनी गाडी ठेवली होती. लाकडी, वर गोल कॅनव्हास, दाराशी लोखंडी चूल, मागं आडवा पलंग आणि पलंगाखालून बाहेर ओढायचं टेबल. आबांनी आत डोकं घालून सगळं हात लावून बघितलं आणि म्हणाले, "पावसात भिजत न्हाईत म्हणजे." गाडीजवळ उभी असलेली एक म्हातारी बाई सांगत होती की तिच्या वडिलांनी अशा गाडीत उन्हाळे काढले, निखाऱ्यात पुरलेल्या जाड लोखंडी भांड्यात पाव भाजायचे, कापायच्या आधी पावावर सुरीनं क्रॉस काढायचे आणि पहिला तुकडा कुत्र्याला. मी ते आबांना मराठीत सांगितलं तर ते एकदम गप्प झाले. आबाही भाकरीचा पहिला तुकडा कुत्र्यालाच टाकायचे, आम्हा पोरांच्या आधी. मी त्या बाईला हे सांगितलं, तर तिनं आबांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

रविवारी केचमच्या मेन स्ट्रीटवरून मेंढरं जातात. हे गाव श्रीमंतांचं आहे, स्कीईंगला येणाऱ्यांचं, दुकानांत साधा शर्ट घ्यायची हिंमत होत नाही. त्या रस्त्यावरून हजार-दीड हजार पांढरी मेंढरं, दोन्ही बाजूंना हजारो माणसं, लेकरं बापाच्या खांद्यावर. आबा पदपथाच्या कडेला उभे राहून मेंढरांचे पाय बघत होते. आमची दख्खनी मेंढरं काळी, बारकी, ह्या मोठ्या गबाळ्या. "दगडावर चालत असतील न्हवं ही?" मी म्हटलं हो, डोंगरातली आहेत. मिरवणूक संपल्यावर शेवटी एक मेंढपाळ घोडा धरून उभा होता. आता या कामावर बास्क उरले नाहीत, बहुतेक पेरूचे असतात, हंगामी कामाच्या व्हिसावर आलेले. आबा सरळ त्याच्याजवळच्या मेंढराकडं गेले, पाठीवरची लोकर दोन्ही अंगठ्यांनी फाकवून कातडी बघितली, मग खालचा ओठ ओढून दात बघितले आणि त्या माणसाकडं बघून चार बोटं दाखवली. तो हसला आणि त्यानंही चार बोटं दाखवली. मग दोघं मेंढराच्या दोन बाजूंना उभे राहून पाच-दहा मिनिटं बोलत होते, आबा मराठीत, तो त्याच्या भाषेत. कशावर बोलले देव जाणे, पण जाताना त्यानं टोपी काढली.

त्या रात्री मोटेलमधून आबांनी भावाला व्हिडिओ कॉल केला. गावातल्या रस्त्यानं दीड हजार मेंढरं गेली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हे सांगत होते, एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. भावानं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की आपली 32 मेंढरं पंधरा दिवसांपूर्वी विकली. आबा "बरं" म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. मी बाहेर पार्किंगमध्ये जाऊन भावाशी जे बोललो ते इथं लिहीत नाही. सकाळी आबांनी चहा पण घेतला नाही. 2021 ला आबा गेले. भाऊ आणि मी त्या रात्रीनंतर सरळ बोललेलो नाही, मयताला सुद्धा कामापुरतंच.

म्हणून बास्क लोकांनी कसं टिकवलं असं कुणी विचारलं की मला आधी हे आठवतं. त्यांनी मेंढरं विकलीच, सगळ्यांनी विकली, धंदा बुडाला. पण गाडी ठेवली. चूल ठेवली. डोंगरातल्या ॲस्पेनच्या सालीवर मेंढपाळांनी चाकूनं कोरलेली नावं, गावं, सालं, बायांची चित्रं, तीसुद्धा फिरून फिरून फोटो काढून नोंदवून ठेवतायत, कारण ती झाडं शंभरेक वर्षांत मरतात आणि कोरलेलं त्यांच्याबरोबर जातं.

तुमच्या प्रश्नाचा सरळ भाग आता घेतो. जागा. माझं स्पष्ट मत आहे की शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन वर्षाला चार कार्यक्रम करणं म्हणजे संस्कृती टिकवणं नव्हे. या लोकांनी आधी खाणावळी काढल्या. ग्रोव्ह स्ट्रीटवरचं जेकब्स-उबेरुआगा घर 1864 चं, शहरातलं सगळ्यात जुनं विटांचं घर, 1910 पासून तिथं बास्क खाणावळ होती. हिवाळ्यात काम नसलेला मेंढपाळ तिथं राहायचा, बाईच्या हातचं जेवायचा, तीच त्याला डॉक्टरकडं न्यायची, पत्र वाचून दाखवायची, आणि स्वयंपाकाला देशाकडून आलेल्या मुलींशी कितीकांची लग्नं तिथंच जमली. शेजारचं पेलोटाचं कोर्ट 1914 चं, तेही खाणावळीचाच भाग, आणि आजही तिथं भिंतीवर चेंडू आपटतो. 1949 ला क्लब सुरू झाला तो स्वतःच्या इमारतीत. तिथं आजही म्हातारे मूस खेळत बसतात, हा चौघांचा पत्त्यांचा डाव, त्यात जोडीदाराला खुणा करणं नियमानं चालतं, खालचा ओठ दातात धरला की दोन राजे आहेत असं समजायचं. म्हातारे खेळतात, नातवंडं मागं उभी राहून खुणा शिकतात, त्याला वर्ग लागत नाही.

नाचाचंही तसंच. 1960 साली बॉइसीची काही तरुण पोरं बास्क प्रदेशात गेली, तिथल्या नाचणाऱ्यांकडून शिकून आली आणि ओइनकारी उभा केला, दोन वर्षांत सिएटलच्या जागतिक प्रदर्शनात नाचली. ते दिवस स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याचे होते हे लक्षात घ्या, तिकडं त्यांच्याच मुलखात शाळेत, कचेरीत त्यांची भाषा बंद होती. 1973 ला देशभरातल्या क्लबांची एक संघटना झाली, ती पोरांसाठी उन्हाळी शिबिरं भरवते. 1985 ला म्युझियम. 1987 ला जाइआल्दी नावाची मोठी जत्रा, मग साधारण दर पाच वर्षांनी, 2020 ची कोरोनात बुडली आणि 2025 च्या जुलैअखेर झाली. मी सगळे दिवस गेलो होतो. लाकडं तोडण्याच्या, दगड उचलण्याच्या स्पर्धा, रस्त्यात गर्दी इतकी की बिअरचा ग्लास हातात धरून फक्त उभं राहायचं. आणि 1998 ला पूर्ण बास्क भाषेत चालणारी बालवाडी, बॉइसीको इकास्तोला, तिथं बास्क नसलेल्या घरातलीही लेकरं येतात.

मंडळवाल्यांना सांगायचं तर आधीच्या शहरात असताना मी गणपतीत गजी बसवूया म्हणालो होतो, ढोल मी आणतो म्हणालो. कमिटीतले एक जण म्हणाले, ते जरा ग्रामीण वाटेल, आपण फ्यूजन करू. मी काही बोललो नाही, तिथून उठलो आणि पुढच्या वर्षी वर्गणी भरली नाही. आपल्या मंडळांची हीच खोट आहे. सगळ्यांच्या आज्या-पणज्या पेशव्यांच्या वाड्यात राहत होत्या अशा थाटात कार्यक्रम असतात, आणि ज्याचा आजा कोष्टी, कुंभार, धनगर, तो पोराला आज्याबद्दल काहीच सांगत नाही. मग पोराला काय टिकवायचंय तेच कळत नाही.

काही गोष्टी मात्र कबूल करायला हव्यात. भाषेत बास्क लोकांना फार यश आलं असं म्हणता येणार नाही. त्यांच्या भाषेत बास्क माणसाला शब्द आहे ‘एउस्काल्दुन’, म्हणजे ज्याच्याकडं बास्क भाषा आहे तो, आणि त्या अर्थानं इथले तिसऱ्या-चौथ्या पिढीतले बहुतेक बसत नाहीत. आजीला ‘अमुमा’, आजोबांना ‘ऐतिता’, स्वागताला ‘ओंगी एतोरी’ आणि आभाराला ‘एस्केरिक आस्को’, एवढ्यावर बऱ्याच जणांचं थांबतं. तरी त्यांना कुणी स्टेजवरून उतरवत नाही हे मला आवडतं. शिवाय ते गोरे, दोन पिढ्यांत मिसळून गेले, तो रस्ता आपल्याला तसा मोकळा नाही. 2000 च्या जनगणनेत अख्ख्या अमेरिकेत स्वतःला बास्क वंशाचे म्हणणारे जेमतेम 58 हजार, आपण संख्येनं कमी नाही. आणि तिकडचं बास्क सरकार परदेशातल्या क्लबांना पैशाची मदत करतं, त्यासाठी त्यांचा 1994 चा कायदाच आहे.

आणि भावाच्या बाजूनंही लिहिलं पाहिजे, नाहीतर ते अर्धवट होईल. कोकणात आता पूर्वीसारखी रानं नाहीत, वनखात्याचे लोक अडवतात, रस्त्यावर ट्रक कळपात घुसतात, लेंडीखतासाठी शेतात मेंढरं बसवून घ्यायला शेतकरी पूर्वी धान्य द्यायचे ते आता खताची गोणी आणतात. आबांचे गुडघे गेले होते, मी इथं, रात्री दोनला लांडगा आला तर उठणारा तोच एकटा होता. विकणं चूक नव्हतं, हे म्हणायला मला सात वर्षं लागली. आबांना न सांगता विकणं चूक होतं, त्यावर मी अजून ठाम आहे.

मुलगी आता 16 ची आहे. मराठी बोलते पण अडखळत, ‘सुंबरान’, आमचं देवाला आळवायचं गाणं, म्हणजे काय ते तिला आबांनीच त्या सहा महिन्यांत सांगितलं होतं आणि सुरुवातीच्या दोन ओळी तिला अजून येतात. मागच्या महिन्यात शाळेत कुटुंबाच्या कामाबद्दल लिहायचं होतं, तिनं आजोबा मेंढपाळ असं लिहिलं, मला न विचारता.

बॉइसीला आलात तर ग्रोव्ह स्ट्रीटला बुधवारी दुपारी जा, तिथल्या बास्क मार्केटात रस्त्यावर मोठ्या कढईत पाएया हा स्पॅनिश भात करतात. म्युझियमच्या अंगणात गेर्निकाच्या ओकच्या वंशातलं झाड आहे (त्या मूळ ओकखाली बास्क लोकांच्या सभा भरायच्या) तेही बघा, पण घाईत बघू नका.

आणि दादा, पुतण्या या साइटवर असतो, तो तुला हे दाखवेल. आबांची मेंढरं कोंडायची वाघर आणि ढोल माळ्यावर असतील तर टाकू नकोस. घोंगडी उंदरांनी खाल्ली असली तरी राहू दे. मी डिसेंबरात येतोय, 20 तारखेच्या आसपास, पोरगीला घेऊन. स्टँडवर नको येऊस, आम्ही चालत येऊ.